दप्तरं तीन-तीन, चष्मा एकही नाही : शाळा आणि वस्तीची सांगड घालायची कुणी?

पारिजातक_ऐरोली | रविवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

आमच्या सोसायटीत गणपतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडे पैसे उरतात. यंदा डेकोरेशनला कात्री लावून जवळच्या महापालिका शाळेत दप्तरं वाटायची असं ठरलं. खजिनदार मी, म्हणून मीच मस्जिद बंदरला जाऊन, घासाघीस करून २०० दप्तरं आणली आणि टेम्पोत घालून शाळेत नेली. मुख्याध्यापिका बाईंनी चहा दिला, तोंडभर हसल्या आणि सामान ठेवायला एक खोली उघडली. आत आधीच दप्तरांचे दोन ढीग! एकावर कुठल्याशा बँकेचं नाव, दुसऱ्यावर एका क्लबचं. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. कोपऱ्यात पाणी शुद्ध करायचं मशीन, त्याच्यावर धुळीत कुणी बोटानं 'राजू' लिहिलेलं. नळच जोडलेला नाही, म्हणून पडून आहे.

निघताना चौथीच्या वर्गात डोकावले. बाकं रिकामी असूनही एक मुलगी फळ्यापासून दोन हातांवर, जमिनीवर मांडी घालून लिहीत होती. बाई म्हणाल्या, "तिला मागून दिसत नाही. तपासणीत निघालं होतं. चिठ्ठी दोनदा दिलीय घरी."

८० दप्तरं तिथे खपली. १२० परत आणली, ती आमच्या क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलाखाली आहेत.

प्रश्न असा : द्यायची इच्छा असलेले लोक इथे ढीगभर आहेत. शाळेच्या गरजाही आहेतच. मग या दोघांची गाठ का पडत नाही? हे जुळवून आणायचं काम नक्की कुणाचं? कुणी ठाण्यात, नवी मुंबईत असं काही नीट चालवलंय का?

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री १०:३१

बॅनर धरून फोटो काढलात ना? नाहीतर दान वर पोचत नाही म्हणे.

(हलकेच घ्या. जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर उद्या.)

पारिजातक_ऐरोली | रविवार, रात्री १०:३४

काढला. 😐

खडूफळा | सोमवार, सकाळी ६:०५

महापालिका शाळेत शिकवतो, १९ वर्षं झाली. कुठली शाळा ते विचारू नका. शाळेला निघायच्या आधी लिहितोय, तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला.

तुमच्या बाई हसल्या, कारण 'नको' म्हणायची सोय नाही. दाता घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा कुणाचा तरी ओळखीचा असतो. नाही म्हटलं तर "बघा, फुकट देतोय तरी यांचा माज". म्हणून आम्ही सगळं घेतो आणि खोलीत ठेवतो. आमच्याकडे एका वर्षी ४ संस्थांनी कंपासपेट्या दिल्या. पोरांनी त्यातल्या कर्कटकांनी बाकांवर जे कोरीवकाम केलं, ते अजिंठ्याच्या तोडीचं आहे.

तरी 'गरजांची यादीच नाही' असं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं (२००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला) सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. कलम २१. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा करते. म्हणजे शाळेला काय हवंय ते कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद कपाटात असतो, आणि कपाटाची चावी ज्या शिक्षकाकडे असते तो बीएलओच्या, म्हणजे मतदार याद्यांच्या ड्युटीवर असतो.

दाता येतो तेव्हा सोबत बॅनर आणतो, पण 'आराखडा दाखवा' म्हणणारा मला १९ वर्षांत एक भेटला. एक!

निघायची वेळ झाली. येतो.

टीटीसीवाला | सोमवार, सकाळी ११:२०

खडूफळा, तो एक मी तर नव्हे? 😀

टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं सांगतो. महापे-रबाळे पट्ट्यात ३० वर्षं नोकरी केली, शेवटची काही वर्षं कंपनीचं सीएसआरचं, म्हणजे समाजासाठी खर्च करायचं काम गळ्यात पडलं होतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. हिशेबाचं वर्ष मार्चला संपतं. डिसेंबरपर्यंत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर, आणि जानेवारीत साहेबांना एकदम मुलांचा कळवळा येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाकं, संगणक, दप्तरं यांचा पूर. शाळा सुरू होते जूनमध्ये. वह्या-चपला-छत्र्या लागतात तेव्हा आमच्या खात्यात खडखडाट, आणि परीक्षा तोंडावर आली की आमचा टेम्पो गेटवर हॉर्न वाजवतोय.

शिवाय वस्तू मोजता येते. 'दप्तरं ५००' असं अहवालात लिहिता येतं. 'एका बाईनं वर्षभर ४० घरांत खेपा घातल्या' हे कुठल्या रकान्यात लिहू? त्या बाईच्या पगाराला मंजुरी मागितली, तर वरून उत्तर आलं, हा आस्थापना खर्च झाला, यातून मुलांना काय मिळालं?

तुमची चौथीतली मुलगी नेमकी तिथे अडकली आहे, पारिजातक. वस्तू देणारे आहेत, खेपा घालणारं कुणी नाही.

उत्तरध्रुव | सोमवार, दुपारी १:०२

मूळची नौपाड्याची, आता १४ वर्षं न्यू जर्सीत. "आमच्याकडे अमेरिकेत" म्हणून सुरुवात केली की इथे काय होतं ते माहीत आहे, तरी लिहितेय.

टीटीसीवाला म्हणतात ती 'खेपा घालणारी बाई' ही इकडे काही ठिकाणी चक्क नोकरी असते. न्यूयॉर्क शहरानं २०१४ पासून काही सरकारी शाळांत हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. शाळेत एक पूर्णवेळ माणूस, जो शिकवत नाही. दवाखाना, समुपदेशक, शाळेनंतरचे वर्ग, घरभाडं थकलेली कुटुंबं, या सगळ्यांचे धागे त्याच्या हातात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉइस एपस्टाईन यांनी शाळा-घर-समाज या नात्याचे सहा प्रकार मांडलेत : पालकपणाला आधार, दोन्ही बाजूंनी संवाद, स्वयंसेवा, घरचा अभ्यास, निर्णयात वाटा आणि समाजातल्या संस्थांशी जोडणी. आपल्याकडे मदत म्हटलं की गाडी स्वयंसेवेवर आणि देणगीवर थांबते. निर्णयात वाटा हा प्रकार तर पालकसभेत सह्या घेण्यापुरताच उरतो, असं माझी ठाण्यातली बहीण सांगते. ती खासगी शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे.

बोरूबहाद्दर | सोमवार, दुपारी १:४०

आलं. बाल्टिमोर आलं. आता फिनलंड आलं की धागा बंद करू.

गंमत सोडा. माझा मूळ मुद्दाच वेगळा आहे. हे सगळं महापालिकेनं करायचं काम आहे. आपण कर भरतो. सोसायट्यांनी, कंपन्यांनी हात घातला की महापालिकेला मोकळीक मिळते. २०२३ मध्ये राज्य सरकारनं दत्तक शाळा योजना काढली तेव्हा शिक्षक संघटना ओरडत होत्या ते उगाच नाही. आज नळ जोडून द्याल, उद्या शिक्षकही तुम्हीच द्या म्हणतील.

मासुंदाकाठ | सोमवार, दुपारी २:१५

बोरूबहाद्दर, तत्त्व मान्य. पण त्या पोरीला फळा दिसत नाहीये, आणि तुमचा लढा जिंकून होईपर्यंत तिची दहावी होईल.

शिवाय महापालिका आणि लोक एकत्र आल्याचं उदाहरण तुमच्या-आमच्या रोजच्या वाटेवर आहे. ठाण्याची सिग्नल शाळा. २०१६ पासून तीन हात नाक्याच्या पुलाखाली, कंटेनरमध्ये. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिका. सिग्नलला गजरे, खेळणी विकणारी मुलं, बरीचशी दुष्काळी भागातून आलेल्या कुटुंबांतली. ती शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच सिग्नलवर नेली. मला त्यात आवडतं ते हे, की आधी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिलं आणि मग शाळा त्याभोवती बेतली. आपण उलटं करतो. कार्यक्रम ठरवतो आणि मग मुलांना उन्हात बसवतो.

चष्मेबहाद्दर | सोमवार, रात्री ९:५०

नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून शीर्षक बघून आत आलो.

चिठ्ठीचं मी सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, मुलं तपासतं, संशय आला तर चिठ्ठी देतं. इथपर्यंत यंत्रणा चालते. पुढे काय? चिठ्ठी दप्तरात जाते. (तिन्हींपैकी कुठल्या दप्तरात, देव जाणे.) आईला चिठ्ठी सापडली तरी रुग्णालयाची वेळ सकाळची आणि तिची कामंही सकाळचीच. म्हणजे खाडा. पहिल्या खेपेला केसपेपर आणि बाहुली मोठी करायचं औषध, नंबर पक्का करायला पुन्हा बोलावणं, तिसऱ्यांदा चष्मा घ्यायला. तीन खाडे. चार घरची कामं करणाऱ्या बाईनं महिन्यात तीन खाडे केले तर एखादं घर सुटतं. तिनं चिठ्ठी फाडली तर मी तिला निष्काळजी म्हणणार नाही.

दुसरं, चष्मा दिला म्हणजे काम झालं असं नाही. पूर्वी आम्ही शिबिरात सगळ्यांना एकच काळी जाड फ्रेम द्यायचो. महिन्याभरानं गेलो तर कुणाच्याच नाकावर नाही. एका मुलानं सांगितलं, "सर, तो फुकटवाला चष्मा आहे ते लगेच कळतं." तेव्हापासून चार-पाच रंगांच्या फ्रेम नेतो, मुलं स्वतः आरशात बघून निवडतात. खर्च तेवढाच. जांभळ्या रंगाला प्रचंड मागणी आहे, का ते विचारू नका.

रेतीबंदर | सोमवार, रात्री १०:२२

फुकटवाला चष्मा... यावरून एक आठवलं, ते लिहू की नको असं झालंय. लिहितोच.

आमच्या कळव्यातल्या सोसायटीनं असंच दप्तर वाटप केलं होतं. फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, अंगठे-बिंगठे आले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी एकदम गप्प. त्यांची लेक त्या फोटोत पुढच्याच रांगेत होती. बी विंगमधल्या एका बाईंनी, अगदी कौतुकानंच, त्यांना तो फोटो मोबाइलवर दाखवला होता. "बघा, तुमची चिमी किती गोड दिसतेय!" चिमीनं ते दप्तर परत कधी घेतलं नाही. मावशींनी त्यात कांदे ठेवले.

आमच्या मनात काहीच वाईट नव्हतं. पण तेव्हापासून फोटो बंद, आणि वस्तूवर सोसायटीचं नाव छापणंही बंद.

पारिजातक_ऐरोली | सोमवार, रात्री १०:४०

रेतीबंदर, वाचून पोटात कालवलं. आमचा फोटो ग्रुपवरून आत्ताच काढला. ज्यांनी डाऊनलोड केला त्यांचं काय करू?

दिघ्याची_सून | मंगळवार, दुपारी ३:३०

मी त्या पालकांपैकीच. शाळा व्यवस्थापन समितीत आहे. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

खडूफळा सर म्हणाले ते निम्म्या बायका वगैरे बरोबर आहे. पण मीटिंग मंगळवारी ११ वाजता. मी रबाळ्याला पॅकिंगला जाते. पहिलं वर्ष मी एकाच मीटिंगला गेले. सही घरी यायची. मुलगा रजिस्टर घेऊन यायचा, "आई, बाईंनी सही सांगितलीय."

मग नवीन बाई आल्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला कधी जमेल? एवढंच विचारलं. आम्ही म्हटलं संध्याकाळी ७, कंपनी सुटल्यावर, आणि शाळेत नको, वस्तीतल्या मंदिराच्या ओट्यावर. आधी ४ जणी यायच्या, आता २० तरी येतात. समितीच्या सगळ्या नाहीत, बाकीच्या अशाच. निम्म्या बायका कन्नड नाहीतर हिंदी बोलतात, तर आमच्यातली एक जण सगळं उलटून सांगते. तिला वाचता येत नाही, पण तीन भाषा येतात.

पहिल्याच मीटिंगला काय निघालं सांगू? मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. सहावी-सातवीच्या दोन-तीन मुली महिन्यातले चार दिवस येतच नव्हत्या. बाईंना माहीत नव्हतं आणि गुरुजींना कोण सांगणार? कडी ६० रुपयांची. एकीचा नवरा सुतार, त्यानं रविवारी येऊन बसवली.

त्याच वर्षी कुणीतरी शाळेला मोठा टीव्ही दिला होता.

खडूफळा | मंगळवार, सायंकाळी ६:४५

दिघ्याची_सून, दंडवत. आमच्या शाळेतल्या कड्या उद्या मी स्वतः बघतो.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ८:१०

अवांतर : दिघा गाव स्टेशन सुरू झाल्यावर तुमचा त्रास कमी झाला का? आम्ही ठाण्याहून बघायचो, बांधून तयार आणि गाडी थांबत नाही.

दिघ्याची_सून | मंगळवार, रात्री ९:००

हो, जानेवारी २०२४ पासून थांबते. आधी ऐरोलीला उतरून रिक्षा. आता अर्धा तास वाचतो, म्हणून तर ७ ची मीटिंग जमते.

बोरूबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:१२

म्हणजे शाळेला सर्वात मोठी मदत रेल्वेनं केली. बाल्टिमोरला कळवा.

(कडीचा प्रतिसाद वाचून मात्र माझी तत्त्वं जरा वेळ बाजूला ठेवतोय.)

वाघबीळ | बुधवार, सकाळी १०:०५

एक खवचट वाटेल असा मुद्दा. ही सगळी सोसायटीची, कंपनीची माणसं शाळेत येणार, मुलांच्यात मिसळणार. कोण आहेत ती? ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण आपल्याच जिल्ह्यातलं. त्यानंतर शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी असं सगळं सांगितलं गेलं. मग 'शनिवारी येऊन इंग्रजी शिकवतो' म्हणणाऱ्या काकांचं काय? ओळखीचे आहेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणून सोडायचं? मी एका उपक्रमात होते तिथे नियम केला होता : मुख्याध्यापकांचं लेखी पत्र, नाव-पत्ता-ओळखपत्र नोंद, आणि कुठल्याही मोठ्या माणसानं मुलासोबत एकट्यानं बसायचं नाही. दार उघडं. एक ज्येष्ठ गृहस्थ रागावून सोडून गेले. जाऊ दिलं.

मुलांना १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबरही सांगून ठेवा. भिंतीवर रंगवलेला असतो, पण तो कशासाठी ते विचारलं तर "बसचा नंबर" असं उत्तर मला मिळालंय.

टीटीसीवाला | बुधवार, दुपारी १२:३०

+१, प्रत्येक शब्दाला. आणि जोडणी सरकारी यंत्रणेशी करा, तिला वगळून नको. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, आरोग्य केंद्राच्या नर्स यांना घरन् घर माहीत असतं. दिव्यांग मूल असेल तर वाशीला महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. ते आहे हेच कित्येक पालकांना ठाऊक नसतं. नवीन संस्था काढण्याआधी आहे त्यांचे फोन नंबर एका वहीत लिहा. वही म्हणतोय, ॲप नाही. आम्ही ॲप केलं होतं. त्यावर शेवटची नोंद उद्घाटनाच्या दिवसाची आहे.

उत्तरध्रुव | बुधवार, रात्री ९:१५

वहीवर सहमत. आमच्या इथल्या बाईंकडेही शेवटी एक जाड वहीच असते, कॉफीचे डाग पडलेली.

पारिजातक_ऐरोली | रविवार, सायंकाळी ५:२० (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. कुणी विचारलं नव्हतं, तरी वृत्तांत.

मुख्याध्यापिका बाईंची वेळ घेऊन गेले. सकाळची शाळा सुटून दुपारची भरते, त्यामधली पंधरा मिनिटं त्यांच्याकडे असतात. या वेळी हात हलवत गेले आणि खडूफळांनी सांगितल्याप्रमाणे आराखडा मागितला. बाई आधी माझ्याकडे बघतच राहिल्या. कपाटाची चावी होती! त्यात दप्तर हा शब्द नव्हता. नळजोडणी होती, दोन वर्षांपासून. आमच्या सोसायटीच्या प्लंबरनं ती अर्ध्या दिवसात केली. शाळेच्या पत्रावर परवानगी घ्यायला मात्र ११ दिवस गेले. बोरूबहाद्दर, हसू नका.

चिठ्ठ्यांचं असं ठरलं. वर्गशिक्षकांनी चिठ्ठ्या शोधल्या, १७ निघाल्या, डोळे-कान-दात मिळून. आमच्यातल्या तिघी निवृत्त आहोत. रुग्णालयात आम्ही नेणार, पण पालकाच्या लेखी संमतीनं, दोघी-दोघी मिळून, आणि सोबत वस्तीतली एक आई. तिच्या त्या दिवसाच्या खाड्याचे पैसे सोसायटी देणार. यावरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये तासभर भांडण. "दप्तराला पैसे दिले ते ठीक, पण मजुरी कशी द्यायची?" टीटीसीवाला, तुमचा आस्थापना खर्च ४०२ नंबरच्या जोशीकाकांच्या तोंडून ऐकला, शब्दही तेच. शेवटी ९ विरुद्ध ६ मतांनी पास झालं.

पहिल्या शनिवारी ७ मुलं यायची होती, ५ आली. एक गावी गेला होता, एकीच्या आजीनं पाठवलं नाही. आजीला भेटायला जायचंय. चौथीतली ती मुलगी आली होती. नंबर उणे साडेतीन. फ्रेम अजून यायची आहे.

मराठी न येणाऱ्या आयांशी बोलताना माझी भंबेरी उडते. दिघ्याची_सून, तुमची ती तीन भाषावाली मैत्रीण एखाद्या रविवारी येईल का? रिक्षाचं भाडं आणि चहा आमच्याकडे.

दिघ्याची_सून | रविवार, रात्री ८:४५

विचारते. चहा चालेल, पण ती म्हणेल जेवायला या आमच्याकडेच.

चष्मेबहाद्दर | रविवार, रात्री ९:३०

उणे साडेतीन म्हणजे तिला फूटभर अंतरापलीकडचं सगळं धूसर. चौथीपर्यंत पोरगी अंदाजानं लिहीत आली. फ्रेमचा रंग तिला निवडू दिलात ना? आणि सहा महिन्यांनी नंबर पुन्हा तपासा, हे वहीत आजच लिहून ठेवा.

पारिजातक_ऐरोली | रविवार, रात्री ९:४१

लिहिलं. आणि हो, जांभळाच.

मासुंदाकाठ | रविवार, रात्री १०:०२

त्या १२० दप्तरांचं काय झालं शेवटी? किसननगरकडच्या एका शाळेत ओळख आहे, जूनमध्ये पहिलीला नवीन मुलं येतील. हवीत का ते विचारू का?

पारिजातक_ऐरोली | रविवार, रात्री १०:०५

विचारा ना! टेबल टेनिसवाली पोरं रोज माझ्या नावानं खडे फोडतायत.

रेतीबंदर | रविवार, रात्री १०:०९

सोसायटीचं नाव छापलंय का त्यांच्यावर?

पारिजातक_ऐरोली | रविवार, रात्री १०:१२

...छापलंय. सोनेरी अक्षरात.

बोरूबहाद्दर | रविवार, रात्री १०:१३

कांदे ठेवा.